खून कोणी केला, याचं पत्रक

आमच्या घरात राग आला की तो छापून वाटायची पद्धत होती. बाबा पिंपरीतल्या एका कारखान्यात फिटर होते आणि युनियनची पत्रकं तेच लिहायचे. इतरांच्या पलंगाखाली ट्रंका असतात, आमच्या पलंगाखाली उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे होते. माझ्या शाळेच्या वह्यांना कव्हरं त्यांचीच. पत्रक कसं लिहायचं हेही बाबांनीच शिकवलं. पहिल्या तीन ओळींत कोणी, कोणावर, काय अन्याय केला ते आलं पाहिजे. विशेषणं शेवटी, जागा उरली तर. कॉलेजात गेल्यावर मी स्वतः लिहू लागले. फीवाढीवर, बसच्या कमी केलेल्या फेऱ्यांवर, विहारासमोरच्या उघड्या गटारावर. जागेचा प्रश्न मला कधी पडला नाही, कारण विशेषणं मी सुरुवातीलाच वापरून टाकायची.

माझी मोठी बहीण या वळणावर गेली नाही. ताई हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टर होती. आमच्या गल्लीतून कंपनीच्या बसमध्ये चढणारी पहिली मुलगी. दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम वापरून बघायचा आणि तो कुठे मोडतो ते कळवायचं, हे तिचं काम. बाबांना याचं फार नवल वाटायचं. "चुका काढायचा पगार देतात? आम्ही चुका काढल्या की मेमो यायचा." मी उदारीकरणाच्या विरोधात पत्रकं लिहायची आणि त्यांच्या छपाईचा खर्च ताईच्या पगारातून निघायचा. ताईने हे कधी बोलून दाखवलं नाही. आईने दाखवलं.

मग ताई आजारी पडली. आधी झोप उडाली. मग ऑफिसात सगळे आपल्याबद्दलच बोलतात असं तिला वाटू लागलं. एका सकाळी बस कंपनीच्या आवारात पोचली, सगळे उतरले आणि ती तशीच बसून राहिली. ड्रायव्हरनेच कुणाला तरी सांगून आम्हाला फोन करवला. डॉक्टर झाले, गोळ्या सुरू झाल्या, संशय हळूहळू ओसरला. पण मधले काही आठवडे तिच्या आठवणीतून विरळ होऊन गेले. परवा काय झालं, मी काय म्हणाले, जेवले का, हे ती आम्हाला विचारायची. आम्ही सांगायचो.

त्यातच गॅसचं झालं. आई महापालिकेच्या दवाखान्यात नर्स. एका दुपारी ती ड्यूटीवरून आली तर घरभर गॅसचा वास, खिडक्या बंद, आणि ताई आतल्या खोलीत गाढ झोपलेली. चहा करायला उठली असेल आणि शेगडीचं बटण तसंच राहिलं असेल. पुढे काही झालं नाही, पण त्या दिवसापासून घरात दोन नियम आले. स्वयंपाक झाला की आई सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करायची, आणि ताईला घरात एकटं ठेवायचं नाही. ताईने दोन्ही निमूट मान्य केले. कुणी काही बोललं नाही तरी ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी थांबायची आणि पाणीसुद्धा मागून घ्यायची.

तिची रजा संपत आली होती. डॉक्टर म्हणाले, कामावर जायला हरकत नाही. मॅनेजरचा फोन आला, महिनाअखेरीला नक्की काय ते कळव, जागा ठेवली आहे. ताई आम्हाला म्हणाली, "घरातली शेगडी मला सांभाळता येत नाही, आणि लोकांच्या बँकेचा प्रोग्रॅम मी काय तपासणार?" 

डॉक्टरांनी तिला बाहेर न्या म्हणून सांगितलं होतं, म्हणून मी तिला सिनेमाला नेलं. कॉलेजात ज्याची चर्चा होती तोच निवडला, एक हिंदी सिनेमा, खुनाचा. गोष्ट थोडक्यात अशी. एका इमारतीत एक जोडपं राहतं. बायको विसराळू आहे, गोळ्या घेते. नवरा प्रेमळ, तिच्या वतीने सगळीकडे तोच बोलतो. वरच्या मजल्यावरची म्हातारी घरमालकीण जिन्यात मरून पडलेली सापडते. पोलीस येतात, संशय फिरत राहतो, आणि शेवटी बायको चौकीत बसून कबुली देते. जिन्यातला दिवा गेला होता, म्हातारी पाठमोरी होती, मी ढकललं. इन्स्पेक्टर पेन खाली ठेवतो. ती वर बघते, छताला लावलेल्या ट्यूबलाइटकडे, आणि हसते. पडदा काळा.

मागून शिट्टी आली. कुणीतरी ओरडलं, "पागलच निघाली रे!" सगळं थिएटर हसलं.

बाहेर रिक्षाची वाट बघताना ताई म्हणाली, "मॅनेजरला तूच फोन कर. येत नाही म्हणून सांग."

"अगं, सिनेमा आहे तो."

"हसले ते सिनेमातले नव्हते," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी मी मॅनेजरला फोन केला नाही, पत्रक लिहिलं. बाबांच्या नियमाने लिहिलं, पहिल्या तीन ओळींत सगळं. या चित्रपटाच्या निर्मात्यांनी मनोरुग्ण स्त्रियांवर खुनाचा खोटा आरोप केला आहे. शेवटी खून त्या वेड्या बाईनेच केला असं दाखवून समाजाची दिशाभूल केली आहे. आम्ही याचा धिक्कार करतो. खाली विशेषणं.

छापण्याआधी ते मंडळात मांडायला हवं होतं. दर रविवारी विहारात वंदना झाली की आमचं अभ्यास मंडळ भरायचं, आणि तिथे ठरावाशिवाय कुठलीच गोष्ट पुढे जायची नाही. गटाराचा ठराव, वाचनालयाच्या पंख्याचा ठराव, एकदा तर पोह्यांत शेंगदाणे घालावेत असाही ठराव झाला होता. अध्यक्ष टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक काका होते.

"ठराव वाच," काका म्हणाले.

"सदर चित्रपटातील खून सदर स्त्रीने केलेला नाही, असं हे मंडळ ठामपणे..."

"पण केलाय तिने," इंजिनिअरिंगला असलेला एक मुलगा म्हणाला. "दाखवलंय की. कबूल करते ती."

"तू कुणाच्या बाजूने आहेस?" मी विचारलं.

"बाजू कसली? पिक्चर आहे तो!"

"पिक्चर आहे म्हणूनच बाजू आहे!"

"शांतता," काका म्हणाले. "मतभेद दिसतोय. खून कोणी केला हे मताला टाकू या. नवऱ्याने केला असं वाटणाऱ्यांनी हात वर करा."

बहुमताने खून नवऱ्याने केल्याचं ठरलं. एक बाई तटस्थ राहिल्या, कारण त्यांनी सिनेमा पाहिला नव्हता. बाबांनीही पाहिला नव्हता, पण त्यांचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला होता. "कारखान्याचा मालक तरी मी कुठे पाहिला होता?" ते मला नंतर म्हणाले. "अन्याय कळायला बघावं लागतं असं नाही."

पुढच्या शनिवारी दुपारी आम्ही थिएटरवर गेलो, बाबा आणि मी. आईची ड्यूटी होती, आणि ताईला घरात एकटं ठेवायचं नाही हा नियम होता, म्हणून ताईही बरोबर. तिला आम्ही थिएटरच्या पायऱ्यांवर बसवलं आणि पत्रकांचा गठ्ठा सांभाळायला दिला. बाबांचा आवाज वयाने काही कमी झालेला नव्हता. "पत्रक घ्या, पत्रक! वाचा आणि विचार करा!" तिकिटं काढून आत सोडायची वाट बघत रांग उभी होती. आयती माणसं, रिकामे हात. दोन मिनिटांत पत्रक रांगेच्या टोकापर्यंत पोचलं.

मग रांग वाचू लागली.

"ओ! अहो, शेवट छापलाय यांनी!"

"काय?"

"बायको करते म्हणे खून. इथे लिहिलंय."

"अहो मॅडम, आत्ता तिकीट काढलंय मी. निषेध बाहेर पडताना वाटायचा ना!"

"मी म्हटलं होतं," एक बाई नवऱ्याला म्हणाल्या, "नाटकाला जाऊ."

कोणी पत्रकाचा बोळा केला, कोणी अजून न वाचलेल्या शेजाऱ्याचे डोळे झाकले. थिएटरचे मॅनेजर बाहेर आले. सफारी घातलेले, शांत गृहस्थ. पत्रक त्यांनी पूर्ण वाचलं, विशेषणांसकट. "आपला निषेध अगदी रास्त असेल," ते बाबांना म्हणाले. "आमची ना नाही. फक्त मध्यंतरापर्यंतचाच निषेध करा. त्याच्या पुढचा घरी जाऊन करावा."

मी त्यांना अभिव्यक्तिस्वातंत्र्याबद्दल काहीतरी सांगायला लागले होते, तेवढ्यात मागून ताईचा आवाज आला. ती पायऱ्यांवरून उठली होती आणि तिच्या हातात पत्रक होतं. आम्ही ते तिच्या हाती देऊन ठेवलं होतं, पण वाचून दाखवलं नव्हतं.

"'वेड्या बाईनेच केला असं दाखवून,' हे कोणी लिहिलं?"

"मी. म्हणजे सिनेमा तसं म्हणतो. आपण त्याचा धिक्कार करतोय."

"कुठे म्हणतो?"

"शेवटी. ती कबूल करते ना."

"ती कबूल करते हे आपण पाहिलं," ताई म्हणाली. "तिने ढकललं हे पाहिलं का?"

मी आठवू लागले. बाबा माझ्याकडे बघू लागले. रांगेतला एक जण म्हणाला, "आता तुम्हीसुद्धा तिकीट काढा."

कितीतरी महिन्यांनी ताई एखादी गोष्ट तपासताना मला दिसत होती. पूर्वी ती रविवारीही लॅपटॉप उघडून बसायची आणि मी काही विचारलं तर नजर न हलवता म्हणायची, काय व्हायला हवं होतं ते सांगू नकोस, काय झालं ते सांग. तोच चेहरा होता. "मला परत बघायचाय," ती म्हणाली. बाबा गठ्ठा घेऊन पायऱ्यांवर बसले. "तुम्ही तपासून या. तोवर वाटू का?" ताई म्हणाली, "नको, बाबा."

दुसऱ्यांदा सिनेमा मी पाहिलाच नाही, मी ताईला पाहिलं. ती पुढे झुकून बसली होती. अधूनमधून माझ्या कानाशी येऊन फक्त एवढंच म्हणायची, "हे आपण पाहिलं." किंवा, "हे त्याने सांगितलं." मध्यंतराआधी एक प्रसंग होता, नवरा दारात उभा राहून इन्स्पेक्टरला सांगतो की जिन्यातला दिवा गेला होता, म्हातारी पाठमोरी असणार. ताईने माझं मनगट धरलं. मग बायको त्या संध्याकाळी जिना चढताना दिसते तो प्रसंग आला. दोन-चार सेकंदांचा, पहिल्या वेळी मला आठवतही नव्हता. ताईने मनगट अजून घट्ट धरलं. जिन्यात पिवळा दिवा चालू होता. बायकोची सावली पायऱ्यांवर पडली होती.

शेवट आला. कबुली, पेन, ट्यूबलाइट, हसू. या वेळीही मागे कोणीतरी हसलं. ताईने मागे वळून बघितलं नाही.

थिएटरसमोरच्या अमृततुल्यमध्ये आम्ही तिघं चहाला बसलो आणि तिने बाबांना सगळं सांगितलं. ती कबुली त्या बाईची नव्हतीच. शब्द नवऱ्याचे होते, क्रमसुद्धा त्याचाच. दिवा गेला होता, म्हातारी पाठमोरी होती. तिला स्वतःला काही आठवत नव्हतं, म्हणून जे सांगितलं गेलं तेच तिने आठवण म्हणून ठेवलं. आणि चौकीत वर दिवा दिसल्यावर तिला पहिल्यांदा स्वतःचं काहीतरी आठवलं. जिन्यात उजेड होता.

"म्हणून हसते ती," ताई म्हणाली. "वेडी म्हणून नाही. चूक सापडली म्हणून. मी हसायचे तशी."

"म्हणजे खून नवऱ्यानेच केला!" मी म्हणाले. मंडळाचं बहुमत खरं ठरल्याचा मला आनंद झाला होता.

"ते कुठे दाखवलंय?"

"मग कोणी केला?"

"माहीत नाही. म्हातारी पाय घसरूनही पडली असेल."

"असं कसं? मग पत्रकात काय लिहू?"

"लिहू नकोस."

"तीन ओळी तरी पाहिजेत," बाबा कळवळून म्हणाले.

ताई हसली. मग तिने कप खाली ठेवला. मला वाटलं, दमली. पण ती म्हणाली, "बाबा, त्या दिवशी बटण चालू होतं हे कोणी पाहिलं?"

"कुठलं बटण?"

"शेगडीचं. मी चालू ठेवलं ते. मला ते आठवत नाही. मी उठले, चहा ठेवला, यातलं काहीच आठवत नाही. तुम्ही सांगितलं म्हणून मला माहीत आहे."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या दिवशी कॉलेजात होते. बाबा युनियनच्या ऑफिसात होते. आम्ही दोघांनीही ते आईकडून ऐकलं होतं.

आई घरी आली तेव्हा आम्ही तिघं स्वयंपाकघरात उभे होतो. ताईसुद्धा, उंबऱ्याच्या आत. तिला असं बघून आई दारातच थांबली. ताईने तिला तेच विचारलं, अगदी हळू, उलटतपासणी वाटणार नाही असं.

"मी आले, वास आला, खिडक्या उघडल्या, रेग्युलेटर बंद केला," आई म्हणाली. "आणि तुला हलवून उठवलं."

"बटण पाहिलंस?"

"पाहिलं असेलच."

"पाहिलंस, आई?"

आई खुर्चीवर बसली. पर्स अजून खांद्याला होती. "वास होता ना गं," ती म्हणाली. "आणि घरात तू एकटी होतीस."

बाबा तोवर भांड्यांच्या साबणाचं पाणी करत होते. आयुष्यभर त्यांनी कारखान्यात हवेच्या आणि वाफेच्या नळ्या अशाच तपासल्या होत्या. त्यांनी रेग्युलेटर चालू केला, शेगडीची दोन्ही बटणं बंद असल्याचं आम्हा प्रत्येकीला दाखवलं, आणि नारिंगी नळीवर वरपासून खालपर्यंत फेस लावला. नळी जिथे शेगडीला बसते तिथे, क्लिपच्या खालच्या बाजूला, फेसातून एक बुडबुडा आला. फुटला. दुसरा आला.

बाबांनी रेग्युलेटर बंद केला आणि नळी काढली. रबराला केसाएवढी चीर होती. रोज स्वयंपाक झाल्यावर आई रेग्युलेटर बंद करत होती म्हणून इतके महिने वास साठला नव्हता. जो नियम ताईमुळे आला असं आम्ही म्हणत होतो, त्याच नियमाने नळीतली चीर झाकून ठेवली होती.

"फिटरचं घर," बाबा नळीकडे बघत म्हणाले.

मी एव्हाना मनात वाक्यं जुळवत होते. एका निरपराध मुलीवर. ताईने माझ्याकडे पाहिलं आणि बहुधा ती तिने वाचली.

"यावरून मी बटण चालू ठेवलं नव्हतं असं सिद्ध होत नाही," ती म्हणाली. "ठेवलंही असेल. एवढंच, की आता ते धरून चालता येणार नाही."

मला हे पटलं नाही. आजही पूर्ण पटत नाही. मला वाटतं, माणसावर महिनोन् महिने शंका घेतल्यावर त्याला निर्दोष म्हणायचं, तेही मोठ्याने, चौकात उभं राहून. पण ताईला निर्दोष ठरायचं नव्हतं. तिला फक्त एवढं हवं होतं की तिच्याबद्दल जे न पाहता ठरलं ते पुन्हा उघडं व्हावं. हे पहिल्या तीन ओळींत कसं बसवायचं हे मला तेव्हा येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाबा नवी नळी घेऊन आले. सोमवारी ताईने मॅनेजरला स्वतः फोन केला. आता कशी आहेस असं त्याने विचारलं असावं, कारण ती म्हणाली, "आधीपेक्षा बरी. कामाला लावून बघा, मोडले तर कळवा." पलीकडचा हसलेला आम्हाला बाहेरच्या खोलीपर्यंत ऐकू आला, आणि तीही हसली.

विहारात काकांनी ठराव मागे घ्यायचा ठराव मांडला. इंजिनिअरिंगच्या मुलाने विचारलं, मग खून नक्की कोणी केला? ताई त्या रविवारी मंडळात आली होती, कितीतरी दिवसांनी. ती म्हणाली, ठाऊक नाही असंही एक उत्तर असतं, ते लिहून ठेवा. काकांनी त्यावर मतदान घेतलं. बाबांनी हात वर केला, या वेळी सगळ्यांच्या शेवटी. उरलेली पत्रकं आईने फडताळात अंथरली, छापील बाजू खाली.

ताई कामावर गेली तो पहिला दिवस आम्ही तिघांनी घड्याळाकडे न बघण्याचा प्रयत्न करत काढला. संध्याकाळी बसचा आवाज कोपऱ्यावर आला आणि बाबा उगाचच गॅलरीत कपडे चाचपू लागले. ताई आली, चपला काढल्या, बॅग टेबलावर टाकली. "नवीन टीमचा प्रोग्रॅम पहिल्याच पानावर मोडतो," ती खूश होऊन म्हणाली. मग हात धुऊन सरळ आत गेली. पातेल्याचा आवाज झाला, लायटरचा आवाज झाला.

आई बाहेर टीव्हीसमोर बसली होती, स्वयंपाकघराकडे पाठ करून. तिचे दोन्ही हात मांडीवर घट्ट धरलेले होते. मालिका चालू होती, पण ती कुठली हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

"आलं टाकू का?" आतून ताईने विचारलं.

"टाक," आई म्हणाली. "आणि साखर कमी."